गो शिकताय? आधी त्या अंडरस्कोअरकडे बघा

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी काही जणांनी विचारलंय, की गो ही भाषा शिकायला 'अ टूर ऑफ गो' पुरेशी आहे का, की डोनोव्हन आणि कर्निहॅन यांचं जाड पुस्तक घ्यावं. मी दोन्ही केलंय, तेही उलट्या क्रमानं आणि त्यात एक अख्खा मे महिना घालवून. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आलेख काढायला, मॉडेल बसवायला पायथन किंवा आर सोडू नका. गोची गरज पडते ती डेटा गोळा करताना. माझं काम तापमानाच्या नोंदींवर आहे. नांदगाव पेठेत आमच्या गच्चीवर एक डबा आहे, आणखी काही इकडेतिकडे आहेत. ते दर मिनिटाला आकडा पाठवतात आणि तो घ्यायला एक सर्व्हर दिवसरात्र चालू लागतो. गो कंपाइल होणारी भाषा असल्यामुळे 'गो बिल्ड' केलं की एकच फाइल तयार होते. 'गो ओएस' आणि 'गो आर्क' हे दोन शब्द बदलले की माझ्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर लिनक्सच्या छोट्या बोर्डासाठीची फाइल बनते. पेन ड्राइव्हवर घ्यायची, चालवायची. त्या बोर्डावर काही इन्स्टॉल करायचं नाही, नेटही लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लायब्ररी उतरवत बसलेल्या माणसाला याची किंमत कळते.

आता टूर. ब्राउझरमध्येच चालते, फुकट आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. व्याकरण छान शिकवते. पण तिचा क्रम बघा. रेंजच्या पानावर ती सांगते, की नको असलेली किंमत अंडरस्कोअरमध्ये टाकून द्या. सोयीचं वाटतं. एररचं पान येतं ते बरंच नंतर, मेथड्स आणि इंटरफेसच्या भागात. मधल्या काळात कंपायलर आपल्याला एक सवय लावतो. न वापरलेलं व्हेरिएबल गो चालवून घेत नाही, प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. मग नवखा माणूस काय करतो? फंक्शननं परत दिलेल्या एररच्या जागी अंडरस्कोअर ठेवतो. कंपायलर गप्प बसतो, आपण खूश.

मी नेमकं हेच केलं. मजकुराचा आकडा करणारं 'पार्सफ्लोट' दोन गोष्टी परत देतं: आकडा आणि एरर. सेन्सरची तार सैल झाली की माझा डबा आकड्याऐवजी दोन डॅश पाठवायचा. त्यावर पार्सफ्लोट शून्य देतं आणि सोबत एरर. एरर मी फेकून दिली होती, शून्य ठेवलं होतं. बरं, नुसतं शून्य दिसलं असतं तर त्याच दिवशी पकडलं असतं. पण जागा वाचावी म्हणून मी फक्त तासाची सरासरी साठवत होते. साठपैकी बारा नोंदी शून्य आणि बाकीच्या ४२ अंशांच्या, तर सरासरी येते ३३.६. आकडा अगदी सभ्य दिसतो. बाबांनी एकदा स्क्रीनकडे बघून विचारलं, "काऊन वं, मे महिन्यात दुपारी तेहतीस? पाऊस पडला काय पेठेत?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मूळ नोंदी ठेवल्याच नव्हत्या, त्यामुळे तीन आठवड्यांचा डेटा परत मिळवायचा मार्गच नव्हता. मार्गदर्शकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात परत घे." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

चूक माझीच, टूरची नाही. तरी माझा आक्षेप असा आहे: टूर गोरुटीन आणि चॅनेलवर एक पूर्ण भाग खर्च करते, शेवटी वेब क्रॉलरचा स्वाध्याय देते, पण टेस्ट कशी लिहायची हे शिकवत नाही आणि अंडरस्कोअरनं एरर गिळली तर काय होतं यावर थांबत नाही. 'इफेक्टिव्ह गो' या अधिकृत लेखात मात्र ही सवय वाईट असल्याचं सरळ म्हटलंय. ते वाक्य टूरमध्ये हवं होतं.

'द गो प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक २०१५ चं. पाचव्या प्रकरणात एररचं काय करायचं याचे पाच मार्ग दिलेत: वर पाठवा, पुन्हा प्रयत्न करा, छापून थांबा, नोंद करून पुढे जा, आणि शेवटी, दुर्लक्ष करा. दुर्लक्ष करायचं तर ते मुद्दाम केलंय हे लिहून ठेवा, असंही बजावलंय. माझ्यासाठी ही पानं पूर्ण पुस्तकाच्या किमतीची ठरली. दुसरी गोष्ट, पहिल्याच प्रकरणात छोटा वेब सर्व्हर आहे आणि त्यात म्युटेक्स का लागतो ते तिथल्या तिथे कळतं. गोचा सर्व्हर प्रत्येक विनंती वेगळ्या गोरुटीनमध्ये हाताळतो. दोन डबे एकाच क्षणी आले आणि दोघांनी एकाच मॅपमध्ये लिहिलं, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. नवव्या प्रकरणात रेस डिटेक्टर आहे. तो टेस्टच्या वेळी नक्की चालू ठेवा. मात्र जो कोड प्रत्यक्ष चालला तेवढ्यातलाच घोळ तो दाखवतो.

पुस्तक आता जुनं झालंय, हेही खरं. मॉड्यूल २०१८ मध्ये आले, जेनेरिक्स २०२२ मध्ये. दहाव्या प्रकरणातली वर्कस्पेसची मांडणी सोडूनच द्या, त्यासाठी अधिकृत संकेतस्थळावरचा मॉड्यूलचा पाठ वाचा.

आणि एक तक्रार दोघांबद्दलही. गोच्या प्रसिद्ध पहिल्या उदाहरणात जगाला चिनी लिपीत नमस्कार असतो. तिथे एक अक्षर म्हणजे एक रून, हिशोब सरळ. आपल्याकडे तसं नाही. 'नांदगाव'वर 'लेन' चालवा, उत्तर येईल २१, कारण ते बाइट मोजतं. रून मोजले तर ७. आणि शाळेतलं पोर मोजेल ४: नां, द, गा, व. केंद्रांची नावं दहा बाइटवर कापली तर तिसऱ्या रूननंतर 'द'चा तुटका तुकडा राहतो आणि पडद्यावर चौकोन दिसतो. देवनागरीत डेटा घेणार असाल तर नावं कापूच नका, प्रत्येक केंद्राला आकडी क्रमांक द्या.

माझ्या नव्या सर्व्हरमध्ये आता मूळ ओळ जशीच्या तशी फाइलमध्ये जाते, आकडा नंतर होतो. तरी परवा एका तासाची सरासरी 'नॅन' आली. एका डब्याचं नवं फर्मवेअर दोन डॅशऐवजी 'नॅन' हाच शब्द पाठवतं, आणि पार्सफ्लोटला तो शब्द चालतो. एरर येतच नाही. यावेळी मूळ ओळी होत्या, अर्ध्या तासात दुरुस्त झालं.