शीव आणि शिवी : मालवणी गाळीचे समाजभान आणि ‘वस्त्रहरण’

प्रास्ताविक

मालवणी बोलीविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात दोन गोष्टींचा उल्लेख हटकून येतो : या बोलीचा तिरकसपणा आणि तिच्यातील शिव्या. या दोहोंकडे बहुधा कौतुकाने पाहिले जाते. परंतु कौतुक म्हणजे विवेचन नव्हे. ‘रांगडी’, ‘इरसाल’, ‘मोकळीढाकळी’ अशी विशेषणे लावून अभ्यासक पुढे जातो आणि शिवी कोण देतो, कोणाला देतो, ती उलटून देण्याची मुभा समोरच्याला आहे की नाही, हे प्रश्न मागेच राहतात. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ शब्दाला दोषांच्या यादीत बसवले. आधुनिक समीक्षेने त्याला दोषाच्या यादीतून काढून गंमतीच्या यादीत नेले. दोन्ही ठिकाणी त्या शब्दामागील समाज अदृश्यच राहिला.

प्रस्तुत लेखात मालवण किनाऱ्यावरील आचरा व त्याच्या परिसरातील गावे नजरेसमोर ठेवून, शेजाऱ्याला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या अपशब्दांचे स्वरूप तपासण्याचा आणि त्या आधारे ‘वस्त्रहरण’ या नाटकाचा व त्याच्या स्वीकाराचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. शेजाऱ्यांमधील शिवीचा निकष तिचा अश्लीलपणा नसून तिची परतफेड होऊ शकते की नाही हा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. शीव : स्पर्धेची जागा

मालवणीत शिवीला ‘गाळ’ म्हणतात. गाळी घालणे हा नित्याचा प्रयोग. ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द. ‘शीव’ आणि ‘शिवी’ या शब्दांचे मूळ एक आहे असा दावा येथे नाही. मात्र व्यवहारात या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने राहतात, हे कोकणातील कोणाही माणसास ठाऊक आहे. चिंदर, वायंगणी, तोंडवळी ही आचऱ्याच्या शेजारची गावे. खाडीपलीकडे देवगड तालुक्यातील मुणगे. या गावांची दैवते वेगळी, मानपान वेगळे, जत्रेचे दिवस वेगळे. पाणंद, चराऊ कुरण, खाडीतील मासेमारीची जागा, पालखीपुढे चालण्याचा मान हे कोकणातील गावागावांमधील आणि गावातल्या गावात भावकींमधील चुरशीचे नेहमीचे विषय. कोकणी माणसाची कोर्टबाजी प्रसिद्ध आहे. परंतु कोर्टात जाण्याआधीची पायरी गजालीची आणि गाळीची असते.

या परिसरात गावाचे नाव हेच माणसाचे आडनाव होते : आचरेकर, चिंदरकर, मुणगेकर. त्यामुळे गावाची थट्टा ही आपोआप माणसाची थट्टा होते आणि माणसाने केलेली चूक गावाच्या नावावर जमा होते. मुंबईतील गिरणगावात हीच व्यवस्था ग्रामस्थ मंडळांच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. तेथे ‘गाववालो’ हा शब्द आधाराचा होता, तर गावी परतल्यावर त्याच माणसाला मिळणारा ‘चाकरमानी’ हा शब्द अर्धा मानाचा आणि अर्धा टोमण्याचा ठरला. मनीऑर्डर पाठवणारा म्हणून मान, आणि गणपतीला येऊन गावच्या कारभारात बोट घालणारा म्हणून टोमणा. एकाच शब्दाने ही दोन्ही कामे कशी केली, हे पाहण्यासाठी शिवीच्या रचनेकडे वळावे लागते.

२. नात्याची भाषा म्हणून गाळ

मालवणी गाळीतील सर्वाधिक वापराचे दोन प्रयोग पाहू. पहिला ‘मेल्या’. शब्दशः अर्थ ‘मृत’. प्रत्यक्षात ‘खंय होतंस मेल्या इतके दिवस?’ या वाक्यात तो शब्द काढून टाकला तर उरते ती केवळ चौकशी. आपुलकी त्या एका शब्दात आहे. हाच शब्द अनोळखी माणसास लावला तर मात्र तो शिवीच ठरतो.

दुसरा प्रयोग ‘आवशीचो घोव’. आवस म्हणजे आई, घोव म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे वडील. शब्दकोशाच्या अंगाने पाहता यात आक्षेपार्ह काहीही नाही. घरातील सर्वांत प्रतिष्ठित व्यक्तीचा तो निर्देश आहे. तरीही तो उद्गार गाळ मानला जातो, कारण वडिलांना ‘वडील’ न म्हणता आईच्या बाजूने त्यांचा निर्देश केला की ज्याची वाच्यता एरवी केली जात नाही ते नाते उघडे पडते. अपशब्द येथे शब्दात नाही, संबोधनाच्या दिशेत आहे. २०१० साली महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आईचा घो’ या चित्रपटाच्या शीर्षकावर आक्षेप घेतले गेले, तेव्हा ‘घो’ म्हणजे नवरा, हे सांगण्याची पाळी आली. आक्षेप घेणारे आणि खुलासा करणारे दोघेही एका अर्थी बरोबर होते. अर्थ निरुपद्रवी होता; परंतु जी बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील ओळख त्या उद्गाराला निरुपद्रवी करते, ती शहरातील भिंतीवरच्या फलकावर नव्हती.

रॅडक्लिफ-ब्राऊन या मानवशास्त्रज्ञाने १९४० मधील लेखात ‘विनोदसंबंध’ ही संकल्पना मांडली. ज्यांच्यात जवळीक आणि संघर्ष या दोहोंची शक्यता असते, अशा दोन पक्षांत परस्परांचा अनादर करण्याची मुभा समाज देतो आणि त्या अनादराचा राग मानावयाचा नसतो, असे त्याचे सार आहे. तळकोकणात ही मुभा केवळ नात्यापुरती नाही, ती काळाशी व जागेशीही बांधलेली आहे. शिमग्यात बोंब मारणे ही रीतच आहे. दशावताराच्या पूर्वरंगातील संकासुर मालवणीत बोलतो, गावातील गोष्टींवर टोमणे मारतो आणि समोर बसलेला गावकरी त्याला उत्तरही देऊ शकतो. नंतर उभे राहणारे राजे व देव मात्र संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. एकाच रात्री एकाच रंगभूमीवर दोन भाषांची ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘वस्त्रहरण’चे बीज तिच्यात आहे.

३. ‘वस्त्रहरण’ : दोन भाषांमधील घसरण

गंगाराम गवाणकर यांनी ‘आज काय नाटक होवचा नाय’ या आपल्या आधीच्या लेखनातून ‘वस्त्रहरण’ साकारले. १९८० मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळी (निधन २००७) यांनी साकारलेल्या तात्या सरपंचाने ते घरोघरी पोहोचवले. आरंभीच्या अडचणींनंतर पु. ल. देशपांडे यांच्या कौतुकाने नाटकास बळ मिळाले आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. एका बोलीतील नाटकाच्या वाट्याला मराठीत असे यश क्वचितच आले आहे.

नाटकाचे कथासूत्र साधे आहे. कोकणातील एका गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ सादर करू पाहतात आणि तो पदोपदी बिघडतो. समीक्षेने या बिघडण्याला प्रहसन म्हटले आणि शिव्यांना त्याचा मसाला. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन अपुरे आहे. नट पौराणिक पात्राची उसनी भाषा पेलू पाहतो. ती निसटली की त्याच्या तोंडून मालवणी बाहेर पडते, आणि मालवणीसोबत गाळ. म्हणजे गाळ ही येथे उसन्या भाषेतून स्वतःच्या भाषेत परतण्याची खूण आहे. ज्या माणसाने शाळेत, कचेरीत आणि मुंबईच्या नोकरीत प्रमाण मराठी सांभाळत आयुष्य काढले, त्याला या घसरणीत स्वतःची कहाणी दिसली असल्यास नवल नाही.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. कोकणात देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे आणि त्याला जमावाने दिलेला ‘होय महाराजा’ हा प्रतिसाद या नाटकाने रंगमंचावर आणला. गाऱ्हाणे ही गाळीची दुसरी बाजू आहे. गाऱ्हाण्यात वाईटाचे निवारण मागितले जाते आणि जमलेले सर्व जण एका स्वरात होकार देतात. त्यामुळे त्यानंतर येणारी प्रत्येक गाळ एका जमलेल्या गावाच्या आत पडते. तात्या सरपंच प्रेक्षागृहाला गाव समजून वागतो. नाटकाचे खरे कौशल्य शिव्यांच्या निवडीत नाही. ज्यांच्यासमोर त्या दिल्या जातात त्यांना आधी गावकरी करून घेण्यात आहे.

दोष असेल तर तो नाटकाच्या स्वीकारात आहे. ‘वस्त्रहरण’च्या यशानंतर मालवणी उच्चार हा मराठी मनोरंजनातील हमखास हशाचा विषय झाला. गाऱ्हाणे गळाले, सभा गळाली, उसन्या भाषेचा ताण गळाला आणि केवळ गाळ उरली. आता हसणारा बाहेर बसलेला असतो आणि त्याला कोणी उलट गाळ घालत नाही. याची किंमत बोलीला मोजावी लागली. जयवंत दळवी यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मध्ये गावातील इरसाल माणसांच्या बोलण्यामागे त्यांचे एकाकीपण उभे आहे. परंतु तेथेही निवेदन प्रमाण मराठीचे आणि बोली संवादापुरती. हसवणारी भाषा म्हणून जिची ख्याती झाली, त्या भाषेत दुःख सांगावयास लेखक धजत नाही आणि पालक मुलांशी घरात ती बोलावयास संकोचतो.

४. ‘घाटी’ : परत न करता येणारा शब्द

परतफेडीचा निकष ‘घाटी’ या शब्दावर तपासून पाहता येईल. फोंडा, गगनबावडा, आंबोली या घाटांवरून येणारा तो घाटी : मूळ अर्थ केवळ भूगोलाचा. किनाऱ्यावरील माणूस देशावरच्या माणसाला घाटी म्हणतो आणि देशावरचा त्याला ‘कोकण्या’ म्हणतो. येथवर हिशेब बरोबरीचा आहे. दोघांनाही उत्तर देता येते. गोव्यातही सह्याद्रीपलीकडून आलेल्या माणसाला घाटी म्हटले जाते. मुंबईत मात्र या शब्दाने दिशा बदलली. तेथील अमराठी, सुस्थितीतील वर्गाच्या तोंडी कष्टाची कामे करणारा कोणताही मराठी भाषक घाटी झाला. आचऱ्याचा जो माणूस गावी कोल्हापूरकराला घाटी म्हणत होता, तो स्वतः मुंबईत घाटी ठरला, मग त्याच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर का असेना. या शब्दाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. शब्द तोच; परतफेडीची शक्यता गेल्याबरोबर तो थट्टेचा न राहता दर्जाचा झाला.

याच निकषाने गावातील गाळीकडेही कठोरपणे पाहिले पाहिजे. जातीवरून दिलेली गाळ कधीही विनोदसंबंधात मोडत नव्हती. ती वरून खाली गेली. खालून वर गेली असती तर तिची शिक्षा ठरलेली होती. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्याने अशा सार्वजनिक अपमानास गुन्हा ठरवले, ते या विषमतेची दखल घेऊनच. ‘रांडेच्या’ या शब्दात दोन पुरुष परस्परांना बरोबरीने गाळी घालतात असे भासते. परंतु आघात होतो तो तेथे उपस्थित नसलेल्या, बहुधा विधवा स्त्रीवर. तिला उत्तर देण्याची सोय या खेळात नाही. लोकसंस्कृतीचे वैभव म्हणून शिव्यांचा गौरव करताना अभ्यासकाने हा भाग झाकू नये.

जेथे उपजीविकेतच असमानता येते, तेथे तर गाळ पुरी पडत नाही. २०१५ मध्ये आचऱ्याच्या समुद्रात पारंपरिक आणि पर्ससीन मच्छीमारांमध्ये झालेला संघर्ष टोमण्यांच्या पलीकडे गेला, आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. रापण ओढणाऱ्यापाशी आणि यांत्रिक नौकेच्या मालकापाशी शब्द सारखे असतील. जाळे सारखे नव्हते.

५. गावपळण : शिवेपलीकडील तीन रात्री

आचऱ्याची ओळख ज्या प्रथेमुळे दूरवर झाली, तिचा विचार या संदर्भात अद्याप झालेला नाही. ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल मिळाला की, सामान्यतः तीन-चार वर्षांनी, सर्व जातिधर्मांचे आचरेकर गुराढोरांसह गाव सोडतात आणि तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या उभारून राहतात. पुन्हा कौल मिळाल्यावरच गाव भरतो. चिंदर, वायंगणी येथेही ही प्रथा आहे. तिची चर्चा श्रद्धा व अंधश्रद्धा या अंगाने किंवा पर्यटनाच्या अंगाने होते.

शिवेच्या दृष्टीने पाहिले तर या प्रथेचा वेगळा अर्थ लागतो. ज्या हद्दीसाठी एरवी शब्दाला शब्द लागतो, ती हद्द संपूर्ण गाव एकाच वेळी ओलांडतो आणि दुसऱ्याच्या भूमीवर निवारा घेतो. वाडा असलेला आणि खोपटीत राहणारा, दोघेही तीन रात्री झावळांच्या आडोशाला असतात. शेजारी गावाची पाळी आली की उपकाराची फेड करण्याची संधी मिळते. गाळीची जशी परतफेड, तशी आसऱ्याचीही. शेजार टिकतो तो या दोन्ही देण्याघेण्यांवर, असे म्हणावेसे वाटते.

निष्कर्ष

१. मालवणी गाळ ही प्रामुख्याने संबोधनाची भाषा आहे. तिचा अर्थ शब्दकोशापेक्षा नात्यावर, प्रसंगावर आणि जागेवर ठरतो.

२. गाळ थट्टा आहे की अवमान, हे तिच्या परतफेडीच्या शक्यतेवरून ओळखता येते. ‘घाटी’ हा शब्द तसेच जातिवाचक व स्त्रीवाचक शिव्या या निकषावर अवमान ठरतात.

३. ‘वस्त्रहरण’ने गाऱ्हाण्याच्या योगे प्रेक्षागृहाचे गाव केले आणि मगच गाळीला वाट दिली. त्याच्या अनुकरणाने व कौतुकाने गाव वगळून गाळ तेवढी उचलली.

४. बोलीचे संवर्धन म्हणजे तिच्यातील शिव्यांचा संग्रह नव्हे. मालवणीत निवेदन, चिंतन आणि शोक लिहिला गेला, तरच तिची गाळही तिच्या मूळ अर्थासह टिकेल.

आमच्या महाविद्यालयांतील वर्गांत मालवणी बोलणारा विद्यार्थी आजही उत्तर देताना आधी मनात भाषांतर करतो. तो अडखळला की वर्ग हसतो. ‘वस्त्रहरण’मधील नटाची स्थिती याहून फार वेगळी नाही. त्या हसण्यात आपण गावकरी म्हणून सामील आहोत की बाहेरचे प्रेक्षक म्हणून, हा प्रश्न अध्यापकाने प्रथम स्वतःला विचारावयास हवा.