‘चोपण’, ‘विम्ल’ आणि ‘जिप्समयुक्त’ : मृदावर्णनाच्या परिभाषेची एक चिकित्सा

मातीचे शास्त्रीय वर्णन हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. खड्डा खणावयाचा, त्याच्या उभ्या भिंतीकडे पाहावयाचे, आणि वरून खाली जे दिसते ते ठराविक शब्दांत, ठराविक क्रमाने लिहून काढावयाचे, असा हा प्रकार आहे. रंग, पोत, कणरचना, ओलीसुकी असतानाचा घट्टपणा, मुळे, आम्ल टाकल्यावर होणारी फसफस, सामू आणि शेवटी खालच्या थराशी असलेली सीमा हा क्रम सहसा मोडत नाही. ह्या गद्याचा कर्ता दिसत नाही. त्यात क्रियापदेही जवळजवळ नसतात. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट जातीच्या मातीची, म्हणजे कोरड्या चराऊ रानांतील अल्कधर्मी व जिप्सम बाळगणाऱ्या मातीची, अशी वर्णने भाषेच्या अंगाने तपासावयाची आहेत. ही वर्णने मराठीत आणताना जो गोंधळ होतो तो केवळ शैलीचा नाही. त्याचा परिणाम जमिनीवर कोणता उपाय करावा ह्या निर्णयापर्यंत पोहोचतो, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे टुलारोसा खोरे घेऊ. पर्मियन काळातील खडकांतले जिप्सम पाण्यात विरघळून ह्या बंदिस्त खोऱ्यात उतरते. बाहेर जाण्यास नदी नसल्याने पाणी आटते आणि जिप्सम मागे राहते. ल्युसेरो सरोवराच्या कोरड्या तळावर त्याचे स्फटिक तयार होतात, ऊनवाऱ्याने फुटतात, आणि वारा त्यांची वाळू करून सुमारे ७१० चौरस किलोमीटरांवर पांढऱ्या टेकड्या रचतो. हाच ‘व्हाइट सँड्स’ प्रदेश. १९३३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. टेकड्यांच्या भोवती, वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर पावसावर जगणारी विरळ गवताची राने आहेत, आणि त्यांतल्या मातींना ‘येसम’, ‘हॉलोमन’ अशी नावे मृदासर्वेक्षणाने दिली आहेत. तेथील गुराखी मात्र जिप्समच्या जमिनीला व तिच्यातून येणाऱ्या कडवट पाण्याला ‘जिप’ ह्या एकाक्षरी शब्दाने ओळखतात. जिप्समला स्पॅनिशमध्ये ‘येसो’ म्हणतात. लॅटिन ‘जिप्सम’चाच तो झिजलेला वंशज होय. म्हणजे एका खोऱ्यात एकाच शब्दाची तीन रूपे नांदतात: शास्त्राचे, गुराख्याचे आणि नकाशावरचे.

आता थरांकडे वळू. येथे पहिली अडचण ‘थर’ ह्या शब्दाचीच आहे. थर म्हटले की एकावर एक रचलेले काही तरी डोळ्यांसमोर येते, पोळ्यांच्या चवडीसारखे. भूस्तरशास्त्रात हे चालते, कारण गाळ खरोखरच एकावर एक साचतो. मृदाशास्त्राला अभिप्रेत असलेला विभाग मात्र जागच्या जागी घडतो. एकाच पिठाच्या भाकरीला तव्यावर पापुद्रा सुटतो तसे त्याचे आहे: पापुद्रा वरून आणून ठेवलेला नसतो, उष्णतेने तो त्याच पिठातून वेगळा झालेला असतो. मातीत हे काम पाणी करते. हिंदीने ह्यासाठी ‘संस्तर’ असा वेगळा शब्द योजिला आहे. मराठी लेखनात ‘थर’ व ‘स्तर’ दोन्ही अर्थांनी फिरतात, आणि वाचकाला कोणता अर्थ घ्यावा हे प्रत्येक वेळी संदर्भावरून ठरवावे लागते.

पाणी हे काम कसे करते ते एकदा समजले की वर्णनाचा क्रम उलगडतो. चुनखडी पाण्यात अगदी थोडी विरघळते, एका लिटर शुद्ध पाण्यात एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. जिप्सम लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. मीठ तर शेकडो ग्रॅम विरघळते. म्हणून थोडा पाऊस खाली मुरत जातो तेव्हा चुनखडी सर्वांत आधी थांबते, तिच्याखाली जिप्सम, आणि त्याहून खाली, किंवा पाण्याच्या हालचालीप्रमाणे इतरत्र, अधिक विद्राव्य लवणे. कोरड्या मुलखातील मातीचा उभा छेद हा अशा रीतीने विद्राव्यतेच्या अनुक्रमाने लिहिलेला असतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे पदक्रम अर्थवाहक आहे. वरचा चुनखडीचा पट्टा आणि खालचा जिप्समचा पट्टा ह्यांची अदलाबदल झालेली दिसली, तर छेदाने काही निराळे सांगितले आहे असे समजावे. बहुधा वाऱ्याने आणलेली जिप्समची धूळ, किंवा खालून वर चढलेले पाणी. टुलारोसा खोऱ्यात टेकड्यांजवळ जिप्सम पृष्ठभागापासूनच आढळते ते मुख्यतः वाऱ्याच्या कृपेने.

हा क्रम टिपण्यासाठी जी अक्षरे वापरली जातात त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. ए, बी, सी ही मोठी अक्षरे डोकुचायेव्हच्या परंपरेतून आली. त्याचा रशियन काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ चा. अमेरिकेच्या १९५१ च्या मृदासर्वेक्षण-पुस्तिकेत ह्या अक्षरांना जोडावयाची उपाक्षरे पदार्थाच्या नावाची आठवण करून देणारी होती: चुनखडीसाठी ‘सी-ए’, जिप्समसाठी ‘सी-एस’, लवणांसाठी ‘एस-ए’. कॅल्शियम सल्फेट हे नाव ज्याला ठाऊक त्याला ‘सी-एस’ पाठ करावे लागत नव्हते. १९८१ च्या सुधारणेत ह्यांच्या जागी अनुक्रमे ‘के’, ‘वाय’ आणि ‘झेड’ ही एकेरी अक्षरे आली. चिन्हे आटोपशीर झाली, पण चिन्ह आणि पदार्थ ह्यांतील दिसणारा धागा तुटला. सोस्यूरच्या अर्थाने चिन्ह यादृच्छिकच असते हे खरे. तरीही एखाद्या शास्त्राने हातचे सूचक चिन्ह टाकून यादृच्छिक चिन्ह पत्करावे, हा व्यवहार संगणकीय नोंदींच्या सोयीखेरीज समजत नाही. नव्या विद्यार्थ्याला ‘बी-वाय’ वाचून जिप्सम आठवण्यासाठी तक्ता उघडावा लागतो.

ह्याउलट वर्गीकरणाच्या नावांत मात्र अर्थाची पारदर्शकता हेतुपूर्वक आणलेली आहे. १९६० च्या ‘सातव्या आसन्न आराखड्या’साठी नावे घडविताना अभिजात भाषांच्या अध्यापकांची, विशेषतः इलिनॉय विद्यापीठाचे जॉन हेलर ह्यांची, मदत घेण्यात आली होती. कोरड्या मातींचा वर्ग ‘अ‍ॅरिडिसॉल’, आणि त्यातल्या जिप्समच्या मातींना १९७५ च्या ग्रंथात ‘जिप्सिऑर्थिड’, तर १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘जिप्सिड’. शेवटचे ‘-इड’ म्हणजे कोरड्या वर्गाची खूण. नावाच्या शेपटीवरून कुळ ओळखता यावे ही योजना संस्कृत तद्धित प्रत्ययांची ज्याला सवय आहे त्याला लगेच आवडेल.

व्याख्या मात्र आकड्यांची आहे. ‘जिप्सिक’ विभाग म्हणण्यासाठी जाडी किमान १५ सेंटिमीटर हवी, वजनाने किमान ५ टक्के जिप्सम हवे, त्यातले काही तेथेच नव्याने घडलेले म्हणून डोळ्यांना दिसावयास हवे, आणि जाडी व टक्केवारी ह्यांचा गुणाकार किमान १५० व्हावा. म्हणजे १५ सेंटिमीटरांच्या विभागाला १० टक्के लागतील, आणि केवळ ५ टक्के असतील तर ३० सेंटिमीटर जाडी लागेल. सीमेच्या विशेषणांनाही असेच सेंटिमीटर बांधलेले आहेत: संक्रमण २ सेंटिमीटरांच्या आत असेल तर ‘एकदम’, २ ते ५ असेल तर ‘स्पष्ट’, ५ ते १५ असेल तर ‘क्रमाक्रमाने’, त्यापुढे ‘अंधुक’. विशेषणे स्वभावतः सैल असतात. येथे त्यांना मोजपट्टी लावून संज्ञा केले आहे. मराठी अनुवादक ‘स्पष्ट’च्या जागी एकदा ‘ठळक’ आणि पुढच्या ओळीत ‘सुस्पष्ट’ असे शैलीच्या विविधतेसाठी लिहितो, तेव्हा तो नकळत माप बदलत असतो. ललित गद्यातील गुण येथे दोष ठरतो.

जिप्समच्या प्रमाणासाठी इंग्रजीत तीन विशेषणे पडली आहेत: केवळ संबंध दाखविणारे ‘जिप्सिक’, ‘वाहणारे’ ह्या अर्थाचे ‘जिप्सिफेरस’, आणि ‘भरलेले’ ह्या अर्थाचे ‘जिप्सियस’. शेवटचे कणवर्गाच्या नावात सुमारे ४० टक्क्यांपासून पुढे योजिले जाते. प्रत्ययांची ही उतरंड चांगली आहे. मराठी अहवालांत तिन्हींना सरसकट ‘जिप्समयुक्त’ म्हटले जाते, आणि पाच टक्केवाली माती व पन्नास टक्केवाली माती वाचकाला एकच वाटते. मराठीत प्रत्ययांचा दुष्काळ असता तर हे क्षम्य होते. ‘-युक्त’च्या पुढे ‘-प्रचुर’ आहे, त्यापुढे ‘-मय’ आहे. बोलीत तर ह्याहून रसरशीत साधने आहेत: मुरमाड, रेताड, खारवट, चिकट. शेतकऱ्याने ‘मुरमाड’ म्हटले की मुरूम किती हे त्याच्या फाळाला कळलेले असते.

आता मुख्य मुद्दा. ‘अल्कधर्मी व जिप्समयुक्त’ अशी दोन विशेषणे शेजारी आली की ती परस्परांची कारणे असावीत असा वाचकाचा समज होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. जिप्सम स्वतः उदासीन आहे. ह्या मातींचा सामू बहुधा ७.४ ते ८.४ ह्या पट्ट्यात, म्हणजे ‘किंचित’ ते ‘मध्यम’ अल्कधर्मी, असतो तो सोबतच्या चुनखडीमुळे. जिप्समपासून सुटणारे कॅल्शियम त्या सामूला उलट खाली ओढते. शिवाय हेच कॅल्शियम मातीच्या कणांवर सोडियमला सहसा जागा देत नाही. ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला ती माती आहे जिच्या कणांवर सोडियम चढून बसलेले असते: ओली असता लादा, सुकली असता दगड, पाणी वर डबक्यासारखे उभे. आपल्याकडचा शेतकरी तिला ‘चोपण’ म्हणतो. व्युत्पत्ती काहीही असो, बोलणाऱ्याच्या कानाला त्यात ‘चोपणे’ ऐकू येतेच. रिव्हरसाइडच्या लवणता-प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत अशा मातीला ‘अल्कली’ म्हटले होते, आणि तिची खूण विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक व सामू सामान्यतः ८.५ च्या वर अशी दिली होती. ‘अल्कली’ आणि ‘अल्कलाइन’ ही दोन रूपे इतकी जवळची, की पुढे शास्त्रज्ञांना पहिले टाकून ‘सोडिक’ हा शब्द रूढ करावा लागला.

मराठीत हा घोळ अधिक दाट आहे. ‘क्षार’ हा शब्द सुश्रुतसंहितेत वनस्पतींच्या राखेपासून काढलेल्या दाहक द्रव्यासाठी येतो. अरबी ‘अल्-किली’ हीही राखच. हिंदीने हा जुना अर्थ राखला: तेथे ‘क्षारीय’ म्हणजे अल्कली आणि ‘लवणीय’ म्हणजे खारी. मराठीत ‘क्षार’ सरळ लवणाच्या अर्थाने रुळला. म्हणून आपली ‘क्षारयुक्त’ किंवा ‘क्षारपड’ जमीन ही मुळात हिंदीतली ‘लवणीय’ होय, आणि हिंदीतली ‘क्षारीय’ ही आपली ‘चोपण’. कर्नाल येथील १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे हिंदी लेखन मराठीत आणताना ‘क्षारीय’चे ‘क्षारयुक्त’ झाले, की शब्द दोन्ही भाषांत शुद्ध आणि अर्थ साफ उलटा. लवणाच्या जमिनीला निचरा आणि पाणी हवे. चोपण जमिनीला आधी जिप्सम हवे, मग पाणी. आणि ज्या मातीत जिप्सम मुळातच आहे तिला ‘अल्कधर्मी म्हणजे चोपण’ असे वाचून कोणी गोण्यांनी जिप्सम सुचविले, तर तो खर्च निव्वळ शब्दाचा खर्च आहे.

ह्या गोंधळावर तोडगा म्हणून कृषिलेखनात ‘विम्ल’ हा शब्द आला. ‘वि’ आणि ‘अम्ल’ ह्यांपासून तो घडवलेला दिसतो, आणि तसे असेल तर संधिनियमाने ‘व्यम्ल’ व्हावयास हवे होते. परंतु वैयाकरणाची ही कुरबुर बाजूला ठेवावी, कारण शब्द सुटसुटीत आहे. खरी उणीव निराळी. ‘विम्ल (चोपण) जमीन’ असे लिहिण्याच्या प्रघाताने त्यालाही सोडियमच्या मातीशी जखडून टाकले, आणि ७.८ सामू असलेल्या मातीला काय म्हणावे हा प्रश्न पुन्हा उघडाच राहिला. माझ्या मते ‘अल्कधर्मी’ हा शब्द केवळ सामूचा निदर्शक ठेवावा व त्याच्यापुढे नेहमी ‘किंचित’, ‘मध्यम’ इत्यादी पायरी लिहावी. सोडियमच्या मातीला शास्त्रीय लेखनातही ‘चोपण’च म्हणावे. रशियन शेतकऱ्यांचे ‘सोलोनेत्स’ आणि ‘चेर्नोझेम’ जगभरच्या ग्रंथांत बसले ते त्यांना कोणी संस्कृत किंवा लॅटिन पेहराव चढविला म्हणून नव्हे. ‘विम्ल’ मात्र ह्या दोहोंपैकी कशासाठीच वापरू नये.

‘चराऊ रान’ हा पर्यायही विचारपूर्वक घेतला आहे. ‘कुरण’ म्हटले की राखलेले गवत येते, ‘गायरान’ म्हटले की गावाचा हक्क येतो, ‘माळ’ म्हटले की उंचवटा. टुलारोसाच्या सपाट, विरळ गवताच्या भूमीला ह्यांतले एकही नेमके लागू पडत नाही.

शब्द आणि वस्तू ह्यांतील फसगत प्रयोगशाळेतही चालू राहते. मातीतील ‘ओल’ मोजण्यासाठी ती १०५ अंश सेल्सियसला वाळविण्याचा सर्वमान्य रिवाज आहे. जिप्समच्या स्फटिकात वजनाने सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते आणि ह्या तापमानाला ते सुटू लागते, त्यामुळे कोरडी ठणठणीत माती कागदावर ओली ठरते. म्हणून अशा नमुन्यांना कमी तापमान वापरतात. हायड्रोमीटरने पोत काढतानाही जिप्सम चिकणमातीचे कण एकत्र गोळा करते, आणि मातीत चिकण कमी आहे असे उत्तर येते. मराठी अहवालात ‘ओल : इतके टक्के’ एवढेच छापले जाते. कोणती ओल आणि किती अंशांवर, हे त्या रकान्यात लिहिण्यास जागाच ठेवलेली नसते.