शरद जोशी यांची खुल्या व्यापाराची मांडणी : न्हावा शेवा बंदराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतून खुल्या अर्थव्यवस्थेचा सातत्याने पुरस्कार करणाऱ्या विचारवंतांमध्ये शरद जोशी (1935–2015) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. भारतीय टपाल सेवा व त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून ते चाकणजवळील आंबेठाण येथे शेती करू लागले आणि 1979 मध्ये त्यांनी शेतकरी संघटनेची स्थापना केली. ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’, ‘अर्थ तो सांगतो पुन्हा’ यांसारख्या ग्रंथांतून त्यांचा अर्थविचार विस्ताराने आला आहे. या विचाराचा कणा असलेल्या ‘सीमेवरील भाव’ या संकल्पनेची न्हावा शेवा बंदराच्या संदर्भात तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उणे सबसिडीचा सिद्धान्त

शेतकऱ्याचे दारिद्र्य हे निसर्गाचे वा आळसाचे फळ नसून सरकारी धोरणाचे फळ आहे, हे जोशी यांचे मूळ प्रतिपादन होय. निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी व स्वस्त आयात या मार्गांनी शेतमालाचा भाव पाडला जातो, असे ते दाखवून देतात. हा भाव किती पाडला गेला, हे मोजण्यासाठी ते जागतिक बाजारातील भावाचा मापदंड वापरतात. देशातील भाव त्याहून कमी असेल, तर तो फरक म्हणजे शेतकऱ्यावर लादलेली ‘उणे सबसिडी’ होय.

या प्रतिपादनाला पुढे सरकारी आकड्यांचाच आधार मिळाला. गॅट करारासाठी भारताने 1986–88 या पायाभूत काळाची जी आकडेवारी सादर केली, तीत पीकनिहाय पाठबळ उणे 24,442 कोटी रुपये होते. खते, वीज, पाणी इत्यादींवरील अनुदान 4,581 कोटी रुपये धरले, तरी एकूण बेरीज उणेच राहत होती. शेतकरी अनुदानावर पोसला जातो, या समजाला यापेक्षा सबळ उत्तर मिळणे कठीण होते. बहुसंख्य शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाच्या विरोधात असताना जोशी यांनी त्याचे समर्थन केले, ते याच भूमिकेतून.

कांद्याची साक्ष

26 मे 1989 रोजी कार्यान्वित झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे या सिद्धान्ताचे जणू प्रत्यक्ष प्रात्यक्षिक आहे. नाशिक जिल्ह्यातील कांदा मोठ्या प्रमाणावर येथूनच परदेशी जातो. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावले गेले; ते पुढे 20 टक्क्यांवर येऊन 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाले. अधिसूचना निघाली की भरलेले कंटेनर बंदरात अडकतात आणि लासलगावच्या लिलावात भाव कोसळतो. चाकणच्या कांदा आंदोलनातून जोशी यांनी जे निदान केले, ते चार दशकांनंतरही खोटे ठरलेले नाही. शहरी ग्राहकाला स्वस्ताई देण्याचा खर्च उत्पादकाच्या खिशातून वसूल होतो, हे त्यांचे म्हणणे येथे पूर्णतः ग्राह्य मानावे लागते.

मापदंडातील पैसा

तथापि, निदान अचूक असले म्हणून मापदंडही निर्दोष ठरत नाही. सीमेवरील भाव डॉलरमध्ये ठरतो व रुपयांत मोजला जातो. जून 1991 अखेर डॉलर सुमारे 21 रुपयांचा होता. जुलैच्या अवमूल्यनानंतर तो सुमारे 26 रुपयांचा झाला. समजा, एखाद्या शेतमालाचा जागतिक भाव क्विंटलला 20 डॉलर आहे. तो जूनमध्ये 420 रुपये आणि जुलैमध्ये 520 रुपये होईल. देशातील भाव 400 रुपयेच राहिला, तर उणे सबसिडी 20 रुपयांवरून एकदम 120 रुपयांवर जाते. शेतीविषयक धोरणात मात्र तसूभरही बदल झालेला नसतो. याचा अर्थ उणे सबसिडीचा काही भाग निर्यातबंदीचा आणि काही भाग चलनधोरणाचा असतो. रुपयाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवणे हाही शेतकऱ्यावरील छुपा करच आहे. जोशी यांच्या विचाराशी हे सुसंगत असले, तरी त्यांच्या मांडणीत या दोन भागांची काटेकोर फोड होत नाही.

या उणिवेचे गांभीर्य पुढे स्पष्ट झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत संदर्भभाव 1986–88 च्या पातळीवर गोठवलेला आहे. नंतरच्या महागाईने हमीभाव रुपयांत वाढत गेले, संदर्भभाव मात्र तेथेच राहिला. मे 2018 मध्ये अमेरिकेने याच सूत्राने हिशेब मांडून भारताचे पाठबळ भाताच्या उत्पादनमूल्याच्या 70 टक्क्यांहून आणि गव्हाच्या 60 टक्क्यांहून अधिक असल्याचा दावा केला. हा हिशेब रुपयांत होता; भारत आपली आकडेवारी डॉलरमध्ये सादर करतो. म्हणजे ज्या सूत्राने शेतकऱ्याची लूट सिद्ध केली, तेच सूत्र पुढे त्याला लाडावलेला ठरवण्यासाठी वापरले गेले. पैशाच्या मूल्याचा विचार बाजूला ठेवला की मापदंड कोणाच्याही हाती कसा वळतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बंदराखालची जमीन

दुसरी मर्यादा खुद्द बंदराच्या उभारणीत दिसते. सीमेवरील भाव शेतकऱ्यापर्यंत पोचण्यासाठी सीमेवर बंदर लागते आणि बंदराला जमीन लागते. उरण–पनवेल परिसरातील भूमिपुत्रांची जमीन सरकारने सक्तीने संपादित केली. तिचा भाव बाजाराने ठरवला नाही. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व या लढ्यातूनच पुढे आले. नाशिकच्या शेतकऱ्याला खुल्या व्यापाराचे दार ज्या जागी उघडले, तेथील शेतकऱ्याला खुला व्यवहार नाकारला गेला होता. मालमत्तेच्या हक्काचा आग्रह जोशी यांच्या राजकीय भूमिकेत निश्चितच आहे. परंतु उणे सबसिडीच्या हिशेबात पिकाच्या पाडलेल्या भावाची नोंद होते, जमिनीच्या पाडलेल्या भावाची होत नाही.

निष्कर्ष

सारांश, सरकारी हस्तक्षेपामुळे शेतकरी नागवला जातो, हे जोशी यांचे निदान न्हावा शेवाच्या अनुभवाने पुष्ट होते. मात्र सीमेवरील भाव हा निसर्गदत्त आरसा नाही. विनिमयदर, व्यापाराचे नियम आणि बंदरासारख्या सार्वजनिक रचना यांनी तो घडवलेला असतो. उणे सबसिडीच्या हिशेबात चलनाचा व जमिनीचा रकाना स्वतंत्रपणे मांडला गेला, तर जोशी यांचा सिद्धान्त दुबळा न होता अधिक न्याय्य होईल. कांद्याच्या कंटेनरची लूट मोजणाऱ्या मापाने तो कंटेनर ज्या जमिनीवर उभा आहे, तिचीही लूट मोजली पाहिजे.