दोन याद्या : ‘मृत्युनिरूपण’ आणि शेवटचा न्याय

नोव्हेंबर महिना आला की ख्रिस्तसभा मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक ही चार अंतिम सत्ये आपल्यापुढे ठेवते. २ नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ख्रिस्तराजाच्या सणाने उपासनावर्षाची सांगता होते आणि आगमनकाळाचा पहिला रविवार पुन्हा जागृतीचाच इशारा देतो. या विषयावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील एक प्रकरण आपल्या परंपरेतले नसल्यामुळे आपल्या वाचकांच्या हाती सहसा पडत नाही. ते प्रकरण म्हणजे समर्थ रामदासांच्या दासबोधातील तिसऱ्या दशकाचा नववा समास, ‘मृत्युनिरूपण’. त्याचा येथे ख्रिस्ती दृष्टीने विचार करण्याचा आमचा मानस आहे.

वीस दशके आणि दोनशे समास असलेला हा ग्रंथ महाड तालुक्यातील शिवथरघळीत सिद्ध झाला, असे परंपरा मानते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. पावसाळ्यात समोर धबधबा कोसळत असतो आणि त्याच्या आवाजापुढे माणसाचा आवाज लहान होतो. अशा ठिकाणी मरणाचे चिंतन सुचावे, यात नवल नाही.

समासाची रचना अगदी साधी आहे. मृत्यू हा शूर, हा राजा, हा धनाढ्य, हा व्यापारी, हा पंडित, हा योगी असे काही पाहत नाही, हे एकच विधान ओवीमागून ओवी नव्या नावानिशी येत राहते. एकांतात मनाशी वाचताना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल. पण हे काव्य मोठ्याने म्हणण्यासाठी आहे. आपल्या सकल संतांच्या स्तवमालेत नावामागून नाव येत जाते आणि प्रत्येक नावागणिक धीर वाढतो. येथे प्रत्येक नावागणिक एकेक आधार गळून पडतो. मरणाची समता इतक्या थोड्या साधनांनी ठसवणारे लेखन मराठीत फार नाही. आमच्या कित्येक प्रवचनांनी हा कित्ता गिरवावा, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

महाड-पोलादपूरच्या रहिवाशांना ही समता पुस्तकातून शिकावी लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळली. ३० जण गेले, एक वाचला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. अशा वेळी कोणीतरी म्हणतोच की ही पापाची शिक्षा आहे, किंवा हे जगाच्या अंताचे चिन्ह आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते, ही समजूत प्रभूने स्पष्ट शब्दांत खोडून काढली आणि पश्चात्तापाची हाक जिवंतांना दिली. मृतांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे.

येथवर समर्थ आणि आपण बरोबरीने चालतो. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तेराव्या दशकाच्या चौथ्या समासात प्रलयाचे वर्णन आहे. पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत, अग्नी वायूत विरतो आणि अखेरीस केवळ ब्रह्म उरते. हे चित्र भव्य आहे. पण त्या भव्यतेत माणसाचे नाव उरत नाही, चेहराही उरत नाही. आपली श्रद्धा देहाच्या पुनरुत्थानाची आहे. जगाच्या अंती आपल्याला जो भेटणार आहे, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, आणि तो आपल्याला नावाने ओळखतो. समर्थ आठ वर्षांचे असताना, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. त्यांनी ओवी घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला; पण त्या शब्दात आशय भरला तो या भेटीचा. भाषा एक आणि आशा वेगळी, हे त्यांनी दाखवून दिले.

समासातील यादीचा भर सत्ता, संपत्ती, विद्या आणि तप यांच्या मानकऱ्यांवर आहे; मृत्यू त्यांचा गर्व उतरवतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातही एक यादी आहे. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. या यादीत एकही मानकरी नाही, आणि शेवटच्या न्यायाचा निकाल तिच्यावरूनच लागायचा आहे. पहिली यादी आपल्याला नम्र करते. दुसरी आपल्याला जाब विचारते.

त्या यादीतला तान्हेला महाडच्या इतिहासात उभा आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही अस्पृश्य मानलेल्या माणसांना तेथे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. त्यानंतर जमावाने सत्याग्रहींना मारहाण केली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. मृत्यू ब्राह्मण म्हणून कोणाला सोडत नाही, हे ज्या मुलखातल्या ग्रंथाने सांगितले, त्याच मुलखात पाण्याला मात्र जात होती.

येथे आम्ही बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबू इच्छित नाही. आपल्या भारतीय ख्रिस्तसभेतही काही ठिकाणी दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्या देहांमध्ये भिंत घालणाऱ्याने अंतिम सत्यांपैकी नेमके कोणते मान्य केले, हा प्रश्न धर्मगुरूंनी आधी स्वतःला विचारला पाहिजे.

म्हणून अनंतकाळाची तयारी म्हणजे तारखांचे गणित नव्हे. २१ डिसेंबर २०१२ ही तारीख जगभर गाजली आणि २२ तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला. प्रभूचा दिवस आलाच आहे, अशी आवई थेस्सलनीका येथे उठली तेव्हा संत पौलाने तिला बळी पडू नका असे लिहिले, आणि त्याच पत्रात आळसात दिवस घालवणाऱ्यांना काम करून आपली भाकर खाण्यास बजावले. प्रायश्चित्त संस्कार, पवित्र मिस्सा, रुग्णाभ्यंग ही आपल्या वाटेची शिदोरी आहेच. पण ती शिदोरी एकट्याने खायची नाही.

वाचकांनी या नोव्हेंबरात घरी दोन्ही याद्या मोठ्याने वाचाव्यात, अशी आमची सूचना आहे. आधी समर्थांची, मग मत्तयची. पहिली वाचून झाल्यावर आपण काय घेऊन जाणार आहोत, हा प्रश्न फारसा उरत नाही. दुसरी वाचून झाल्यावर आपल्या दारावरून कोण तान्हेला परत गेला, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे.