निराकार, परंतु निर्गुण नव्हे

कऱ्हाडाशेजारच्या मलकापुराजवळ आगाशिवाचा डोंगर आहे. त्यांतील प्राचीन बौद्ध लेण्यांच्या चैत्यगृहांत उपासनेसाठीं मूर्ति नव्हे, साधा स्तूप कोरलेला आहे. डोंगरमाथ्यावर महादेवाचें देऊळ मागाहून आलें. मूर्तीवांचून उपासना ही आमच्या मुलखास नवी नाहीं, हें सांगावयास एवढें पुरे. परंतु यामुळेंच आमच्या सुशिक्षित वाचकाचा एक गैरसमज होतो. बायबलांतील मूर्तिनिषेध वाचला कीं तो म्हणतो, ‘हें तर आमचेंच निर्गुण ब्रह्म!’ हें मत उदार असेल, पण बरोबर नाहीं; आणि यहुदी व ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा रसग्रह करतांना तें वाट चुकवितें.

बायबलांतील परमेश्वर निराकार आहे, निर्गुण नाहीं. तो बोलतो, रागावतो, अनुतापतो, करार करतो. उत्पत्तीच्या कथेंत सूर्यचंद्र चौथ्या दिवशीं निर्माण होतात, तेही केवळ दिवे म्हणून; शेजारच्या बाबिलोनांत त्यांचीच पूजा चाले. घडविणारा आणि घडलेलें हे दोन, ही रेघ तेथें कधींच पुसत नाहीं. आमच्या अद्वैतास ती अखेर मान्य नाहीं. यशया संदेष्टा ४४ व्या अध्यायांत एका सुताराची थट्टा करतो: अर्धें लाकूड जाळून तो भाकर भाजतो, उरलेल्याचा देव करून त्याच्या पायां पडतो. ही थट्टा आमच्या मूर्तिपूजकास पुरतेपणीं लागू नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. प्राणप्रतिष्ठेवांचून तो मूर्ति पुजीत नाहीं, आणि गणपति स्वहस्तें पाण्यांत सोडतो. माती ती माती, हें तो जाणतो. पण यशयाचा रोख निराळा आहे. आपण घडविलेला देव आपल्याला आज्ञा करूं शकत नाहीं, हें त्याचें दुखणें.

आतां वाङ्मयाकडे वळूं. आमची भक्तिकविता रूपवर्णनावर जगते. कटीवरचे कर, मुकुट, कुंडलें, सावळा वर्ण हें सारें वजा केलें तर कवीनें काय गावें? इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलें गेलें. सुमारें ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या पूर्वभागांत जगदुत्पत्तीपासूनची कथा आहे. एकनाथांच्या निधनास तेव्हां वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. परंतु उत्तरभागांत स्टीफन्सच्या हातीं मनुष्यरूप धारण केलेला ख्रिस्त होता. त्यांची अडचण अर्धी सुटली.

खरी कसोटी कोंकणांतील बेने इस्राएलांची. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू विद्या लोपली, तरी परमेश्वर एकच आहे ही ‘शमा’ प्रार्थना त्यांच्या तोंडी राहिली. १८८० च्या सुमारास त्यांनीं मराठी कीर्तनाचा प्रकार उचलला, आणि योसेफ, मोशे, दावीद यांचीं आख्यानें साकी-दिंडींत रंगूं लागलीं. रूप नाहीं, म्हणून कीर्तनकारानें कृति गावी: भावांनीं विकलेला मुलगा दुष्काळांत त्याच भावांस अन्न देतो, दुभंगलेल्या समुद्रांतून दासांचा तांडा पार होतो. आमच्या मतें या प्रकाराचें बळ येथेंच आहे. दीनदयाळ, करुणासिंधु अशा ठराविक विशेषणांची माळ जेथें सुरू होते, तेथें मात्र मुकुटकुंडलें काढून घेतलेला विष्णूच समोर उभा राहण्याची भीति असते.

त्यांची एक रीत आम्हांस विचार करावयास लावते. अलिबागजवळ खंडाळें येथें एका खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथें नवस फेडतात, मलिदा करतात. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलास गेले, तरी मलिदा तेथेंही त्यांच्याबरोबर गेला. हें पाहून एखादा म्हणेल, मूर्ति आलीच कीं! आम्हांस तसें वाटत नाहीं. खूण सांगते कीं येथें कोणी येऊन गेला. मूर्ति सांगते कीं तो येथें आहे. मलिद्याच्या ताटाभोवतीं बसलेलीं माणसें एलियाचें गीत गातात, आणि आशीर्वचन उच्चारतात तें एलियाला पाठविणाऱ्याच्या नांवानें.