एफईएमचा पेपर वाचताना: स्लाइप्नरची भिंत आणि आपला मेश

रिसर्चला येण्याआधी तुम्ही एफईएमचे दहा-वीस पेपर तरी वाचाल. बहुतेकांचा साचा एकच: मॉडेलचं चित्र, मेशचं चित्र, निळ्यापासून लालपर्यंतचा स्ट्रेस प्लॉट आणि ‘कमाल स्ट्रेस यील्डपेक्षा कमी, म्हणून डिझाइन सुरक्षित’ हे वाक्य. माझा आक्षेप या ‘म्हणून’वर आहे.

नॉर्वेचा स्लाइप्नर ए प्लॅटफॉर्म बघा. 82 मीटर खोल समुद्रासाठी बांधलेला त्याचा काँक्रीटचा तळ 23 ऑगस्ट 1991 ला, स्टाव्हांगरजवळ चाचणीसाठी पाण्यात खाली नेताना फुटला आणि बुडाला. गोल सेल एकमेकांना भिडतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी उरते, तिला ट्रायसेल म्हणतात. नॅस्ट्रानमधल्या मॉडेलमध्ये नेमका तिथला मेश जाड होता, एलिमेंट तिरके होते. भिंतीच्या टोकाशी शिअर सुमारे 47 टक्के कमी आला, भिंत त्या हिशोबाने बांधली गेली. शिवाय त्या जागच्या काही सळया पुरेशा लांब नव्हत्या, म्हणजे सगळं खापर मेशवर फोडता येत नाही. पण नंतर काळजीपूर्वक केलेल्या एफईएमने भिंत 62 मीटरवर फुटेल असं सांगितलं. प्रत्यक्षात ती फुटली 65 मीटरवर. पद्धत तीच, बरं का!

आणि ही चूक पकडायला कॉम्प्युटरही लागत नव्हता. भिंतीचा एक मीटर रुंद पट्टा बीम समजा. 65 मीटर पाण्याचा दाब साधारण 650 किलोपास्कल. त्याला स्पॅनने गुणा, दोनने भागा, टोकाचा शिअर आला. सेकंड इयरचं गणित. मॉडेलचा आकडा याच्या जवळपास अर्धा येत असेल तर आधी मॉडेलवर संशय घ्यायचा.

आता पेपरमधलं ‘मेश इंडिपेंडन्स तपासला’ हे वाक्य नीट वाचा. ग्राफ कशाचा आहे? पुष्कळदा डिस्प्लेसमेंटचा असतो आणि दावा मात्र स्ट्रेसचा. डिस्प्लेसमेंट लवकर स्थिरावतं, स्ट्रेसला बारीक मेश लागतो. त्यात तो लाल ठिपका आतल्या धारदार कोपऱ्यावर असेल तर लिनिअर इलॅस्टिक मॉडेलमध्ये मेश जितका बारीक कराल तितका आकडा वाढतच जाणार. तो कधी थांबणारच नाही. अशा ठिकाणचा ‘कमाल स्ट्रेस 212 मेगापास्कल’ म्हणजे लेखकाने मेश कुठे थांबवला एवढंच कळतं. खऱ्या पार्टला तिथे फिलेट असेल तर तो मॉडेलमध्ये काढा आणि मगच आकडा छापा.