'नाही' म्हणणारं पात्र : स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्या कादंबरीकारांविषयी

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कादंबरीवर, त्यातही स्वखर्चाने कादंबरी छापणाऱ्यांवर बोलण्याचं कारण काय? कारण अगदी घरगुती आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी बँकेतून निवृत्त झाली. तिने साडेतीनशे पानांची कादंबरी लिहिली आणि फंडाच्या पैशातून हजार प्रती काढायच्या, असं ठरवलं. छपाईचं कोटेशन आणि हस्तलिखित एकाच पाकिटात घालून आमच्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी : "सर, वाचून स्पष्ट सांगा." आता स्पष्ट सांगायचं म्हणजे काय सांगायचं, या अडचणीतून आजचा विषय निघाला.

आधी आमचा कबुलीजबाब देऊन टाकतो. चाळिशीत आम्हीही एक कादंबरी लिहिली होती आणि ती पदरचे पैसे घालून छापली. पाचशे प्रती. एका वितरकाने दीडशे नेल्या, त्यांचा हिशेब अजून यायचा आहे. (हशा) उरलेले गठ्ठे माळ्यावर आहेत, कसर लागली आहे. पुष्कळ वर्षं आम्ही त्या वितरकाला दोष देत होतो. मग निवृत्तीनंतर एकदा माळा साफ करताना ती कादंबरी पुन्हा वाचली. नायक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. तो प्रत्येक वादात जिंकतो. बायको त्याला समजून घेते, विद्यार्थी त्याच्या पाया पडतात, विरोधकही शेवटी मान डोलावतात. पुस्तक मिटलं आणि दहा मिनिटांत आम्हालाच त्याचं नाव आठवेना. ज्याने लिहिलं त्यालाच आठवत नाही, तर वाचकाने का लक्षात ठेवावं?

आता स्वतंत्रपणे लिहिणारी, स्वतः छापणारी मंडळी लेखनतंत्राबद्दल काय बोलतात ते पाहा. दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, पात्राचा तक्ता. उंची, रंग, आवडता पदार्थ, लहानपणीची भीती, सगळं आधी लिहून काढायचं. दुसरी याच्या अगदी उलट : "माझी पात्रं स्वतःच बोलायला लागतात, मी फक्त लिहून घेतो." पहिल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रेशनकार्डावरही माणसाची माहिती असते, म्हणून ते वाचून कोणी रडत नाही. दुसरी गोष्ट ऐकायला गोड आहे, पण आम्हाला तिचा संशय येतो. ही स्वतः बोलू लागलेली पात्रं नेमकी लेखकाला जिकडे जायचं असतं तिकडेच कशी जातात? लेखकाला भाषण द्यायचं असतं तिथे पात्र भाषण देतं. लेखकाला सूड हवा असतो तिथे पात्र सूड घेतं. ही पात्राची स्वतंत्रता नव्हे, ही लेखकाची हौस आहे.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये याबद्दल फार नेमकं म्हटलं आहे. त्याच्या मते स्वभाव कळतो तो निवडीतून. माणूस काय पत्करतो आणि काय टाळतो, तेही परिस्थिती स्पष्ट नसताना, तिथे त्याचा स्वभाव दिसतो. ज्या बोलण्यात पत्करण्या-टाळण्यासारखं काही नाही, त्यात स्वभाव नाही. आम्ही यात पदरचं थोडं घालतो. सगळ्या निवडींमध्ये वाचकाला सर्वांत जास्त काय आठवतं, तर नकार. आणि नकार म्हणजे किंमत मोजावी लागणारा नकार, फुकटचा बाणेदारपणा नव्हे.

उदाहरण स्वखर्चाने छापणाऱ्यांच्या घराण्यातलंच घेऊ. जेन ऑस्टिन. तिची 'सुझन' नावाची कादंबरी १८०३ मध्ये एका लंडनच्या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली आणि छापलीच नाही. १८१६ मध्ये तेच दहा पौंड भरून ती परत घ्यावी लागली. ती पुढे तिच्या मृत्यूनंतर 'नॉर्दँगर ॲबी' म्हणून आली. मधल्या काळात, १८११ मध्ये, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' तिने कमिशनवर छापवली. म्हणजे छपाईचा तोटा झाला तर तो लेखिकेचा, प्रकाशकाला विक्रीवर दलाली. मुखपृष्ठावर नावही नाही, नुसतं 'एका स्त्रीने लिहिलेली'. त्या आवृत्तीवर तिला १४० पौंड मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क मात्र तिने ११० पौंडांना कायमचे विकून टाकले, आणि तीच सर्वांत लोकप्रिय ठरली. स्वतः जोखीम घ्यावी की हक्क विकून मोकळं व्हावं, हा प्रश्न आजच्या लेखकाने शोधून काढलेला नाही, दोनशे वर्षांचा आहे.

पण आम्हाला एलिझाबेथ बेनेटकडे जायचं आहे. ती आठवते कशामुळे? तिच्या डोळ्यांमुळे, विनोदामुळे, हे खरंच. तरी पण बघा, कादंबरीचा कणा म्हणजे तिचे दोन नकार. पहिला कॉलिन्सला. वडील गेले की घर या माणसाकडे जाणार आहे. त्याला 'हो' म्हटलं तर आई आणि बहिणींच्या डोक्यावर छप्पर राहील. ती 'नाही' म्हणते, आणि ते त्या गृहस्थाच्या डोक्यातच शिरत नाही. दुसरा नकार डार्सीला, जो दहा हजारांच्या वार्षिक उत्पन्नाचा मालक आहे. दोन्ही वेळा तिच्याकडे पर्याय काहीही नाही. लेखिकेला तिचं लग्न लावून द्यायचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तरी पात्र लेखिकेची वाट अडवून उभं राहतं. ही अडवणूक म्हणजेच पात्राचं अस्तित्व, असं आम्हाला वाटतं.

मराठीत यावें. हरि नारायण आपटे हे एका अर्थाने आपले पहिले मोठे स्वतंत्र कादंबरीकार. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः दिली. लेखक तेच, संपादक तेच. त्यांच्या मजकुराला कात्री लावणारा वर कोणी नाही. याचा तोटा त्यांच्या कादंबऱ्यांत दिसतो, हे मान्य केलं पाहिजे. पाल्हाळ आहे, वाचकाशी गप्पा मारत विषय सुटतो, काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. आमच्या पिढीने हरिभाऊंची पूजा केली आणि नंतरच्या पिढीने त्यांना अभ्यासक्रमात टाकून विसरून टाकलं. दोन्ही अन्याय.

पण यमू विसरता येत नाही. आता कोणी म्हणेल, यमू कुठे नकार देते? तिच्यावर तर सगळं लादलंच जातं. नवरा जातो, शंकरमामंजींसारखी माणसं तिच्या आयुष्याचा निकाल लावतात, जबरदस्तीने केशवपन होतं. खरं आहे. कृतीत नकार देण्याची ताकद तिला तिच्या समाजाने ठेवलेलीच नाही. तिचा नकार सांगण्यात आहे. झालं ते बरं झालं, असं ती म्हणत नाही. नशीब म्हणून पांघरूण घालत नाही. पुरुष लेखकाने, सुधारक मताच्या, एका बाईच्या तोंडून सबंध कादंबरी सांगायची ठरवली, त्याला व्याख्यान देण्याचा मोह किती झाला असेल! होतोही मधूनमधून. परंतु यमू सासर-माहेरच्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहते आणि सुधारक बाजूला पडतो. जिथे सुधारक बोलतो ती पानं आज जुनी झाली आहेत, यमू बोलते ती झालेली नाहीत.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर अँडी वीअर. त्याने 'द मार्शियन' स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली, विज्ञानाच्या चुका वाचकांनी काढून दिल्या, २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटला ठेवली. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने घेतली, पुढच्या वर्षी सिनेमा. ही यशोगाथा सगळे सांगतात. आमचं मत थोडं वेगळं आहे. मार्क वॉटनी हे पात्र म्हणून आतून फार खोल नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याचा सूर एकच. मग तो बटाटे लावणारा माणूस आठवतो का? कारण तिथे मंगळ ग्रहच प्रत्येक प्रकरणात 'नाही' म्हणतो. हवा नाही, पाणी नाही, चूक केलीस तर माफी नाही. आणि पुस्तकाबाहेरही वाचक लेखकाला 'हे असं होणार नाही' म्हणत होते. नकार दोन्हीकडून होता.

इथे आम्हाला स्वप्रकाशनाची खरी अडचण दिसते. बाकीच्या अडचणी आहेतच. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात. मुद्रितशोधनाला पैसे द्यायला कोणी तयार नसतो, मग पहिल्याच पानावर 'आणि'चं 'आणी' होतं. दुकानदाराचं कमिशन, टपालखर्च, परत आलेल्या मळक्या प्रती. पण यांना उपाय निघाले आहेत. आयएसबीएन आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मागणीनुसार छपाईमुळे पन्नास प्रतीही काढता येतात. आमच्या वेळी ही सोय असती तर माळा मोकळा असता. मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ पासून आहेत. तेव्हा 'छापणार कोण' हा प्रश्न जवळपास संपला. 'थांबवणार कोण' हा उरला. प्रकाशक पुष्कळदा चुकीचा नकार देतात, ऑस्टिनच्या वेळीही देत होते. तरी त्या नकाराने लेखकाला एकदा तरी स्वतःच्या मजकुराकडे परक्यासारखं बघावं लागत असे. आज ज्या दुकानात पैसे भरले की कोणतंही हस्तलिखित 'उत्कृष्ट' ठरतं, तिथे लेखकाचं कौतुक होतं, पुस्तकाचं नाही. आणि व्हॉट्सॲपच्या समूहावर तर सगळेच अंगठा दाखवतात.

परत त्या हस्तलिखिताकडे. तिची नायिका सोशीक आहे, हुशार आहे, बँकेत आहे, आणि तिला सगळे शेवटी शरण येतात. आमच्या नायकाची सख्खी बहीणच. पण एकशे चाळिसाव्या पानावर एक आत्या येते. विधवा, वाड्यातल्या एका खोलीत राहणारी. घर विकायचं ठरतं, सगळ्यांच्या सह्या होतात, बिल्डर चहा पिऊन बसलेला असतो, आणि ही आत्या कोठीच्या खोलीची किल्ली द्यायला नाही म्हणते. कारण सांगत नाही. नायिका समजावते, तरी नाही. नायिकेचं ऐकत नाही असं पुस्तकात हे एकच माणूस. सात पानांत ती संपते, पुढच्या प्रकरणात लेखिकेने तिला मारून टाकलं आहे, बहुधा अडचण होत होती म्हणून. वाचून तीन आठवडे झाले, आम्हाला नायिकेचं नाव चाळावं लागतं, आत्याच्या कमरेची किल्ली दिसते.

उद्या सकाळी तिला फोन करायचा आहे. हजार प्रतींचं कोटेशन तूर्त ड्रॉवरमध्ये ठेव, हे सांगू. आत्याला जिवंत कर, हेही सांगू. ती म्हणेल, "सर, मग सगळी कादंबरीच बदलेल." म्हणेलच. आणि ऐकेलच असं नाही. वर्गातही ती कधी पटकन ऐकायची नाही.

चला, आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे, त्यांना माइक द्या.